बावीस लाल मणी

निवृत्तीनंतर घरात माणसाला काहीतरी नेमून दिलेले काम असलेले बरे. माझ्या वाट्याला चिठ्ठ्या लिहिण्याचे काम आले. आमची सूनबाई खड्यांच्या माळा करते. सुरुवात हौसेतून झाली. आता दिवाळीपूर्वी आणि लग्नसराईत प्रदर्शनात टेबल मांडण्याइतका तो व्यवहार वाढला आहे. जयपूरहून आणि खंबायतहून मण्यांच्या लडी येतात. दुपारी घर निवांत झाले की ती जेवणाच्या टेबलावर पांढरा पंचा अंथरते, मणी रंगाने आणि आकाराने निवडते, मांडून पाहते, मोडते, पुन्हा मांडते आणि मग दोन मण्यांमध्ये एकेक गाठ देत ओवत जाते. दोरा तुटला तरी एकच मणी निसटावा आणि मण्याला मणी घासू नये, म्हणून ही गाठ. पूर्वी हे काम पटवेकरी करीत. सराफ दागिना घडवी आणि पटवेकरी तो गाठवून देई. पहिल्याचे नाव पेढीच्या पाटीवर असे, दुसऱ्याचे कुठेच नसे.

एके दिवशी सूनबाई म्हणाली, "बाबा, तुमचं अक्षर छान आहे, भाषाही चांगली आहे. प्रत्येक माळेबरोबर त्या दगडाची चार ओळींची माहिती द्यायची आहे. लिहून द्याल का?"

नमुना म्हणून तिने घाऊक व्यापाऱ्याकडून आलेला छापील कागद पुढे ठेवला. अमुक दगडाने क्रोध शमतो, तमुकाने धनवृद्धी होते, गुलाबी स्फटिकाने दांपत्यप्रेम वाढते. मी चष्मा पुसून तो कागद दोनदा वाचला. अडतीस वर्षे राष्ट्रीयीकृत बँकेत काढलेली. सोनेतारणाच्या अर्जावर दागिन्याचे एकूण वजन लिहायचे आणि पुढच्या रकान्यात 'खडे वजा' लिहून निव्वळ सोने धरायचे, हा आमचा नियम. काउंटरपलीकडची बाई सांगत असे, "साहेब, हे लाल खडे माझ्या आजेसासूचे आहेत." मी मान डोलावून ते वजा करीत असे. बँकेच्या लेखी खड्याला वजन होते, ते केवळ वगळण्यापुरते.

त्यामुळे मी सूनबाईला म्हणालो, "हे खरं आहे हे आपल्याला ठाऊक नाही, मग लिहायचं कसं?"

"बाबा, गिऱ्हाईक नुसता दगड घेत नाही. दगडाबरोबर गोष्टही घेतं."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. ही गोष्ट विकण्याची रीत आजची नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत रत्नांच्या उत्पत्तीबद्दल तीन मते एकापुढे एक दिली आहेत : कोणी म्हणतात ती बल नावाच्या दैत्यापासून झाली, कोणी म्हणतात दधीची ऋषींपासून, आणि कोणी म्हणतात की पृथ्वीच्या स्वभावानेच दगडांत असे वैचित्र्य येते. गरुडपुराणाने पहिले मत धरून त्याचा विस्तार केला. बलाच्या रक्ताचे माणिक झाले, दातांचे मोती, पित्ताचा पाचू, हाडांचा हिरा, डोळ्यांचा नीलम. ग्रीकांनी जांभळ्या स्फटिकाला जे नाव दिले, त्याचा अर्थच मुळी 'मद न चढू देणारा' असा आहे. त्याच्या पेल्यातून मद्य घेतले तर नशा होत नाही, अशी त्यांची समजूत होती. आपल्या समाजाने हा प्रयोग करून पाहण्याचा प्रश्नच येत नाही.

उलट बाजूला आपलाच एक माणूस उभा आहे. अल्लाउद्दीन खिलजीच्या दिल्लीत ठक्कुर फेरू नावाचा श्रीमाळ जैन अधिकारी होता. त्याने इ. स. १३१५ मध्ये प्राकृतात 'रयणपरिक्खा' म्हणजे रत्नपरीक्षा लिहिली आणि तीन वर्षांनी नाण्यांवर 'द्रव्यपरीक्षा' लिहिली. जुन्या शास्त्रांतील कथा त्यालाही ठाऊक होत्या. पण वजन काय, दोष कोणता आणि त्या मानाने किंमत किती, हे सांगण्याकडे त्याचा कल आहे. शाही खजिना डोळ्यांनी पाहिलेला तो माणूस होता. सरकारी कोठाराशी संबंध आला की लेखणी आपोआप आखडते, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

मात्र मी स्वतः फार शहाणा होतो असे कोणी समजू नये. १९९१ साली बढती अडली तेव्हा एकाच्या सांगण्यावरून मी नीलम घेतला होता. तीन रात्री उशाखाली ठेवून पाहायचा, वाईट स्वप्न पडले नाही तर बोटात घालायचा, अशी रीत. स्वप्न पडले नाही, कारण पत्नीच्या साठवणीतील पैसे तिला न सांगता घेतल्यामुळे झोपच लागली नाही. बढती मिळाली आणि तिच्याबरोबर बदलीही. तीन वर्षे विदर्भात एकटा राहिलो. पुढे कळले की तो खडा कारखान्यात तयार झालेला होता. कर्मसिद्धांत लहानपणापासून पाठ असलेल्या माणसाने हे केले. म्हणूनच त्या छापील कागदाची मला अधिक भीती वाटली असावी.

दशलक्षण पर्वात सातव्या दिवशी मंदिरात तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचला जातो. सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत एक आहे 'कूटलेखक्रिया', म्हणजे खोटे लिहिणे. अचौर्याणुव्रताच्या पाचांत शेवटचा 'प्रतिरूपकव्यवहार', म्हणजे अस्सलाच्या नावाखाली नक्कल विकणे. इतकी वर्षे हे शब्द मी इतरांच्या धंद्याविषयी ऐकत आलो होतो. यंदा ते आमच्या जेवणाच्या टेबलाविषयी वाटले.

शेवटी आम्ही तोडगा काढला. चिठ्ठीत दगडाचे नाव, तो कोठून आला आणि नैसर्गिक आहे, तापवलेला आहे, रंगवलेला आहे की काच आहे, हे आधी लिहायचे. त्याखाली लोकसमजूत, आणि तिच्यामागे 'असे मानतात' हे दोन शब्द. हे दोन शब्द म्हणजे जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या 'अटी लागू' सारखेच नव्हेत काय, असा प्रश्न मला अजूनही पडतो. रंगवलेल्या मण्यात रंग भोकाच्या कडेला दाटतो, नखाचा रंग काढायच्या द्रावात कापूस बुडवून चोळला तर बहुधा उतरतो. काच हातात लवकर कोमट होते, स्फटिक बराच वेळ गार राहतो. एवढे मी सूनबाईकडूनच शिकलो. मालाचा खरेपणा तिला माझ्यापेक्षा चांगला कळत होता. मला फक्त शब्द सुचत होते.

मोती आणि पोवळी ती वापरत नाही. शास्त्रात पोवळ्याची गणना पृथ्वीकायात केलेली आहे. पण समुद्रातला जीव मारून आलेली वस्तू गळ्यात नको, अशी तिची भावना. मी तिला विरोध केला नाही. एवढेच सांगितले की खंबायतला अकीक घासणाऱ्या कारागिरांच्या छातीत दगडाची धूळ बसते आणि त्या सिलिकोसिसने तरणी माणसे दगावली आहेत. तेव्हा मोती टाळला म्हणजे हिशेब पूर्ण झाला असे होत नाही. तिने पुढच्या खेपेला व्यापाऱ्याला विचारले, मणी कोठे घासले जातात, पाणी सोडून घासतात की कोरडे. त्याने हसून विषय बदलला. चिठ्ठीत तो रकाना अजून रिकामा आहे.

मागच्या हिवाळ्यात आम्ही सर्वजण तेरला महावीर भगवंतांच्या दर्शनाला गेलो, तेव्हा तिला मुद्दाम लामतुरे संग्रहालयात नेले. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या वस्तू जमवून जपल्या, त्यांतून ते उभे राहिले. तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या नोंदीत लिहून ठेवले आहे की पैठणहून गारेचे रंगीत दगड आणि तगरहून कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जाते. आपल्या भागातला कापडाचा धंदा किती जुना आहे पाहा! संग्रहालयात अकीकाचे, काचेचे, शंखाचे, भाजलेल्या मातीचे मणी आहेत. दख्खनच्या काळ्या खडकातील पोकळ्यांत साठलेल्या गारेपासून दोन हजार वर्षांपूर्वी कोणी ते घडवले आणि भोक पाडले. सूनबाई काचेला नाक लावून ती भोके न्याहाळत होती. "बाबा, दोन्हीकडून पाडलंय, मधे जुळलंय," ती म्हणाली. त्या मण्यांबरोबर त्यांच्या गुणांच्या चिठ्ठ्या मात्र आपल्यापर्यंत आलेल्या नाहीत.

इथपर्यंत हा विषय दुसऱ्यांच्या गळ्यातल्या माळांचा होता. फाल्गुनात तो आमच्या घरातल्या माळेवर आला.

माझ्या आईची एक दुपदरी माळ आहे. मोती बसराई, आणि ठरावीक अंतराने लाल मणी, एकूण बावीस. आजोबांनी आईच्या लग्नात मुंबईच्या जव्हेऱ्याकडून आणलेली. लाल मणी ब्रह्मदेशच्या माणकांचे आहेत, हे आम्ही तिघा भावंडांनी पाळण्यात असल्यापासून ऐकलेले. आई २००३ मध्ये गेली. माळेची वाटणी होऊ शकत नव्हती. मी बँकेत, लॉकर माझ्या नावावर, म्हणून ती माझ्याकडे राहिली. घरात पहिली नात लग्नाला येईल तिच्या गळ्यात घालायची, असे ठरले होते. यंदा अकलूजच्या अक्काच्या नातीचे लग्न ठरले. दोरा कुजला होता. सूनबाईने माळ गाठवून द्यायचे कबूल केले आणि ओवण्यापूर्वी दाणे तपासून घ्यावेत म्हणून आम्ही सराफ कट्ट्यावरच्या एका ओळखीच्या पेढीवर गेलो.

मोत्यांवर सराफ बराच वेळ रमले. मोत्याचा भाव 'चव' या मापाने ठरे आणि चव वजनाच्या वर्गाने वाढते. दुप्पट वजनाच्या मोत्याला चौपट चव, हे त्यांनी मला समजावले. वाणिज्य शाखेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात हे गणित नव्हते. मोती अस्सल बसराई निघाले, जपानी संवर्धित मोती बाजारात पसरण्याच्या आधीच्या काळचे. मग त्यांनी एक लाल मणी भिंगाखाली धरला, दुसरा धरला, तिसरा धरला आणि भिंग माझ्या हातात दिले. लाल रंगाच्या पोटात गोल, स्वच्छ बुडबुडे दिसत होते. माणकात असे बुडबुडे नसतात.

"काच आहे, साहेब. बावीसच्या बावीस."

सूनबाई माझ्याकडे पाहत नव्हती, हे मला दिसले.

संध्याकाळी अक्काला फोन केला. लपवण्यात अर्थ नव्हता. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्याकडेच होती ना रे, वीस वर्षं?" तिने आरोप केला नाही, प्रश्न केला. पण न्यासापहार, म्हणजे ठेव दडपणे, हाही त्याच सातव्या अध्यायातला अतिचार. ठेवणारा आपली ठेव विसरून कमी मागू लागला, तर 'बरोबर' म्हणून कमीच देणे, असा त्याचा अर्थ सांगतात. इथे तर आई काही मागायला येणार नव्हती. अडतीस वर्षांत माझ्या रोकडीत एकदाही तफावत आली नव्हती आणि आता सख्खी बहीण मला मणी मोजायला सांगत होती. त्या रात्री मला तिचा राग आला, हे कबूल करतो. धाकट्या भावाने दुसऱ्या दिवशी 'जाऊ दे रे, काचेचे तर काचेचे' असा निरोप पाठवला. त्याचा अधिक राग आला.

मग मला अण्णांच्या चोपड्या आठवल्या. वडिलांचे भुसार मालाचे दुकान होते. ते १९८८ मध्ये बंद झाले, पण लाल कापडात बांधलेली रोजकीर्द आणि खतावणी माळ्यावर तशीच होती. दिवाळीच्या पूजेतली वही टाकायची नाही, एवढ्यावरच त्या वाचल्या. मी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी शिडीवर चढलो, सूनबाईने शिडी धरली. आठ दिवस आम्ही दोघे जेवणाच्या टेबलावर माळांऐवजी चोपड्या पसरून बसलो. संवत २०२९ च्या वहीत पौष महिन्यात जमेच्या बाजूला सापडले : 'श्री माणिक मणी २२ विक्रीचे, रु. ६,४००.' त्याच पानावर नावे बाजूला आडत्याचे देणे चुकते केल्याची नोंद. आणि चार दिवसांनी घरखर्चात : 'काचमणी २२, ओवणावळ धरून, हस्ते सौ., रु. ११.५०.'

संवत २०२९ म्हणजे १९७२ची दिवाळी ते १९७३ची दिवाळी. त्या वर्षांचा दुष्काळ आपल्या वाचकांतील पन्नाशीपुढच्या कोणालाही सांगायला नको. मी चौदा वर्षांचा होतो. रस्त्याच्या कामावर खडी फोडणारी माणसे, सुकडी, परदेशातून आलेली ती लाल मिलो ज्वारी, एवढे मला आठवते. दुकानातून उधारीवर धान्य जात होते आणि गावाकडून वसुली शून्य. खतावणीत पाने भरली आहेत. त्यांतली कित्येक खाती कधीच मिटलेली नाहीत. अण्णांनी उधारी बंद केली नाही आणि आडत्याचे देणेही बुडवले नाही. मधली रक्कम कोठून आली, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. वहीला मात्र सांगितले होते, साडेअकरा रुपयांच्या काचेसकट.

'हस्ते सौ.' या दोन शब्दांवर मी बराच वेळ थांबलो. म्हणजे पटवेकऱ्याकडे आई स्वतः गेली होती.

मग एक जुने दृश्य नव्याने दिसले. १९८१ मध्ये श्रवणबेळगोळच्या सहस्राब्दी महामस्तकाभिषेकाला आम्ही गेलो होतो आणि तेथून मूडबिद्रीला. तेथे रत्नांच्या जिनप्रतिमांचे दर्शन घडवतात. जुन्या पिढीला माहीत आहे की १८८३ मध्ये मुंबईचे जव्हेरी शेठ माणिकचंद तेथे गेले आणि रत्नपारखी असूनही त्यांची नजर प्रतिमांवरून शेजारच्या जीर्ण ताडपत्रांकडे वळली. मग आपल्या सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी त्यात पडले आणि धवलग्रंथांच्या प्रती करण्याचे काम उभे राहिले. मी हे आईला कौतुकाने सांगत होतो. दिव्याच्या उजेडात एकेक प्रतिमा दाखवून पुजारी रत्नाचे नाव घेत होते आणि आईचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. तिने ती पदराखाली सरकवली. मला वाटले, भक्तिभाव. तेवीस वर्षांच्या मुलाला दुसरे काय वाटणार?

चोपडीचा फोटो मोबाइलवरून पाठवता आला असता. मी वही पिशवीत घालून एसटीने अकलूजला गेलो. अक्काने चष्मा लावून दोन्ही नोंदी वाचल्या, मग पुन्हा वाचल्या. अण्णांच्या अक्षरावरून तिने बोट फिरवले. मला वाटले, ती क्षमा मागेल, किंवा रडेल. तिने विचारले, "आईला कोणी विचारलं होतं का रे?"

मी म्हणालो, "हस्ते सौ. लिहिलंय."

"गेली तीच. पण विचारलं होतं का, हे कुठं लिहिलंय?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. स्त्रीधन विकून घराची पत राखली, याचा मला अण्णांविषयी अभिमान वाटत होता; अक्काच्या प्रश्नाने तो जरा बाजूला सरकला. तिने सांगितले की तिच्या लग्नात, १९७५ साली, आई ती माळ घालायला तयार नव्हती. पाहुण्यांत जव्हेरी आहेत, दृष्ट लागेल, असे काहीतरी म्हणाली होती. अक्का त्यावरून रुसली, तेव्हा आईने घातली. "मीच घालायला लावली रे तिला," अक्का म्हणाली. मग ती आत चहा ठेवायला गेली आणि खूप वेळ आतच राहिली.

पुढचा प्रश्न व्यावहारिक होता. सूनबाई म्हणाली होती की चांगल्या रंगाचे गार्नेट मिळतात, किमतीने परवडतात, मोत्यांबरोबर शोभतात. लालच हवा असेल तर तेच घालू. धाकट्या भावाने खरी माणके घेऊ, तिघे मिळून खर्च करू, अशी उदार सूचना केली. मी त्याला लंडनच्या राजमुकुटाची गोष्ट सांगितली. त्यात समोरच 'ब्लॅक प्रिन्सचे माणिक' म्हणून जो मोठा लाल खडा आहे तो माणिक नाही, स्पिनेल नावाचा वेगळा खडा आहे. हे कळूनही कोणी तो काढलेला नाही. पण निर्णय नातीचा होता. तिला अक्काने सगळे सांगितले. मुलगी पुण्यात नोकरी करते, फार बोलत नाही. तिने फोन करून सूनबाईला एवढेच विचारले, "मामी, काचेचे मणी घासून खराब झालेत का?" दोन मणी भोकाशी टवके उडालेले होते. ते मागे, फाशाजवळ घ्यायचे ठरले.

सूनबाईने माळ चार दुपारी ओवली. आईच्या माळेत रेशीम होते. हिने सुती दोरा घेतला. शेवटच्या गाठीला ती म्हणाली, "बाबा, हिचीही चिठ्ठी लागेल."

मी लिहिली. मोती : बसराई, इराणच्या आखातातील, नैसर्गिक. लाल मणी : काच, २२, संवत २०२९. लोकसमजुतीचा रकाना मी रिकामा सोडला. अक्का लग्नाच्या आदल्या दिवशी ती चिठ्ठी वाचून म्हणाली, "संवताच्या पुढं 'हस्ते सौ.' नाही लिहिलंस." मी खिशातून पेन काढले. जागा कमी होती, म्हणून अक्षर थोडे बारीक काढावे लागले.